आधी एक पुस्तक पकडा: ग्रंथालयाच्या तालिकेत विषयाने शोधायची रीत

माझी तीस वर्षे तालिकीकरणाच्या, म्हणजे ग्रंथालयाचा कॅटलॉग तयार करण्याच्या टेबलावर गेली. पुस्तक हातात घ्यायचे, शीर्षकपान पाहायचे, प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची चाळायची आणि हे पुस्तक नेमके कशाविषयी आहे ते ठरवायचे. ठरले की ते दोन-तीन ठरावीक शब्दांत नोंदीत लिहायचे. या ठरावीक शब्दांना आम्ही विषयशीर्षके म्हणतो. संगणकाच्या पडद्यावर ती नोंदीच्या अगदी तळाशी असतात आणि बहुतेक वाचक तिथवर जातच नाहीत. त्यांनी तिथवर जावे म्हणून हे लिहिते आहे.

उदाहरण एकच घेते. क्षयरोगाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी एकदा माझ्याकडे आली. तिने इंग्रजीत ‘टीबी’ टाकून पाहिले होते. मग कुणीतरी सांगितले की क्षयाला इंग्रजीत पूर्वी ‘कन्झम्प्शन’ म्हणत, म्हणून तेही टाकले. पानामागून पाने निकाल आले, पण त्यांतली बहुतेक पुस्तके लोक काय विकत घेतात आणि किती वापरतात याविषयीची. ‘कन्झम्प्शन’ हा अर्थशास्त्राचाही शब्द. “मॅडम, यावर फारसं काही लिहिलेलंच नाही,” ती म्हणाली. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खरे ठरल्याचे क्वचितच पाहिले आहे.

शोधचौकट फक्त अक्षरे जुळवते. पुस्तकाचे नाव ठेवताना लेखकाने कोणता शब्द वापरला यावर सगळे अवलंबून राहते. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याआधीचे डॉक्टर ‘थायसिस’ लिहीत, सामान्य माणूस ‘कन्झम्प्शन’ म्हणे, आणि रुग्णांच्या आठवणींच्या पुस्तकांना तर ‘डोंगरावरचे दिवस’ या धर्तीची नावे, ज्यांत रोगाचा उल्लेखही नाही. ही सगळी पुस्तके एका ठिकाणी आणायची तर कुणीतरी ती उघडून पाहायला हवीत आणि त्या सगळ्यांवर एकच शब्द लिहायला हवा. तालिकाकार तेच करतो. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटरने १८७६ साली तालिकेचे नियम छापले, तेव्हा पहिलाच उद्देश सांगितला: वाचकाला लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असेल, तर त्याला पुस्तक सापडले पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी यंत्र सहज जुळवते. तिसरीसाठी माणूस लागतो.

आता प्रत्यक्ष कृती.

विषयाचा कोणताही ठळक शब्द टाका आणि आलेल्या निकालांतून अगदी तुमच्याच विषयाचे एक पुस्तक निवडा. एकच. ते चांगले आहे की वाईट, मिळणार आहे की नाही, याचा आत्ता विचार नको. त्याची संपूर्ण नोंद उघडा. ‘तपशील’ किंवा ‘पूर्ण नोंद’ असे काहीतरी बटण असते. खाली ‘विषय’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचा. क्षयाच्या पुस्तकाखाली असे काही दिसेल:

ट्युबरक्युलोसिस -- हिस्टरी -- नाइन्टीन्थ सेंच्युरी
ट्युबरक्युलोसिस -- पेशंट्स -- बायॉग्रफी
सॅनेटोरियम्स

हे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, आडव्या रेघांसकट. मग त्यांतल्या एकावर टिचकी मारा. त्या ग्रंथालयात तोच शब्द मिळालेली सगळी पुस्तके समोर येतात, मग त्यांची नावे काहीही असोत, ती कोणत्याही भाषेतली असोत. त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या ओळीवर टिचकी मारली आणि आरोग्यधामांत राहिलेल्या रुग्णांच्या आठवणींची पुस्तके तिच्यापुढे आली. त्यांतल्या एकाही पुस्तकाच्या नावात क्षय नव्हता.

आडव्या रेघांकडे जरा लक्ष द्या, कारण खरी ताकद तिथे आहे. पहिला शब्द मुख्य विषय. त्यापुढचे तुकडे तो विषय आणखी नेमका करतात: कोणता पैलू, कोणता प्रदेश, कोणता काळ, आणि शेवटी पुस्तकाचा प्रकार, म्हणजे चरित्र, सूची, कोश, परिषदेचे निबंध. निकाल कमी आले तर उजवीकडून एकेक तुकडा काढत जा. ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ काढलेत की सगळ्या काळांचा इतिहास आला, ‘हिस्टरी’ही काढलेत की सगळा क्षय आला. फार जास्त आले तर उलट दिशेने जा.

एक खाच मात्र ठाऊक हवी. प्रदेशाचे नाव रांगेत नेहमी एकाच जागी बसत नाही. फ्रान्समधल्या क्षयाचा इतिहास ‘ट्युबरक्युलोसिस -- फ्रान्स -- हिस्टरी’ असा लिहितात, पण सामाजिक बाजूचा विषय असेल तर ‘ट्युबरक्युलोसिस -- सोशल आस्पेक्ट्स -- फ्रान्स’ असे होते. प्रदेश कधी आधी, कधी नंतर. यामागे नियम आहे, पण तो वाचकाने पाठ करायची गरज नाही. ‘प्रगत शोध’ उघडा, रकाना ‘विषय’ निवडा आणि त्यात ‘ट्युबरक्युलोसिस फ्रान्स’ एवढेच टाका. जागा कुठलीही असली तरी दोन्ही सापडतील. अनेक तालिकांत ‘चाळा’ किंवा ‘यादी पाहा’ अशीही सोय असते. तीत शीर्षके वर्णानुक्रमाने एकाखाली एक दिसतात. मला ती फार प्रिय आहे. तुम्हाला सुचलाही नसता असा पैलू शेजारच्या ओळीत दिसतो. जुन्या कार्डांच्या खणात बोटे फिरवताना असेच व्हायचे.

वाचक हमखास चुकतात ते इथे. त्यांना वाटते, मोठा विषय टाकला की त्याच्या पोटातले सगळे येईल. येत नाही. कटरचा नियम असा की पुस्तक त्याच्या नेमक्या विषयाखाली नोंदवायचे, त्या विषयाला सामावणाऱ्या मोठ्या वर्गाखाली नोंदवायचे नाही. त्याने उदाहरण मांजराचे दिले होते: मांजरावरचे पुस्तक ‘मांजर’ या शब्दाखाली जाईल, प्राणिशास्त्र किंवा सस्तन प्राणी यांखाली जाणार नाही. म्हणून ‘फुप्फुसांचे रोग’ शोधणाऱ्याला क्षयाची पुस्तके तिथे मिळतीलच असे नाही. आधी सगळ्यांत नेमका शब्द घ्या, आणि तिथे काही नसेल तरच एक पायरी वर चढा.

पायऱ्या कुठे आहेत हे पाहायला शब्दसूची असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने, विषयशीर्षकांची सूची १८९८ मध्ये करायला घेतली आणि आज जगभरची असंख्य ग्रंथालये तीच वापरतात. ती आता त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. एखादा शब्द टाका. त्याखाली टाकून दिलेली जुनी आणि पर्यायी नावे दिसतील, वरचा व्यापक विषय दिसेल, खालचे नेमके विषय दिसतील आणि शेजारचे संबंधित विषयही. कार्डांच्या काळात यांनाच आम्ही ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ नोंदी म्हणत असू. त्याच सूचीत ‘कन्झम्प्शन’पुढे कंसात अर्थशास्त्र लिहिलेले शीर्षक आहे. असा कंस दिसला की समजावे, एकाच शब्दाचे दोन अर्थ कुणीतरी जाणीवपूर्वक वेगळे केले आहेत.

वैद्यकाची सूची वेगळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० पासून ‘मेश’ नावाची सूची चालवली आहे. तिच्यात हृदयविकाराचा झटका ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ होतो आणि कर्करोग ‘निओप्लाझम्स’. एकाच पुस्तकाच्या नोंदीखाली तीच गोष्ट दोन-तीनदा लिहिलेली दिसली तर ती चूक समजू नका. वेगवेगळ्या सूच्यांमधले शब्द शेजारी शेजारी नोंदलेले असतात. दोन्ही उतरवून घ्या.

आणखी एक नियम वाचकांना ठाऊक असावा असे मला फार वाटते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत साधारणपणे पुस्तकाचा निदान २० टक्के भाग एखाद्या विषयाला दिलेला असेल, तरच त्याचे शीर्षक नोंदीत जाते. म्हणजे शहराच्या इतिहासाच्या जाड ग्रंथात क्षयाच्या साथीवर एक सुंदर प्रकरण असले, तरी विषयशीर्षकांत त्याचा मागमूस नसेल. अख्खे पुस्तक शोधायचे तर विषयशीर्षक वापरा. प्रकरण, पान किंवा परिच्छेद शोधायचा तर पूर्ण मजकुरातला शोध वापरा, त्याकडे पुढे येते. एका पद्धतीने दुसरीचे काम होत नाही, आणि ही दोन कामे वेगळी आहेत हे न कळल्याने वाचकांचे दिवस वाया जाताना मी पाहिले आहेत.

जोडलेल्या तालिका

१९६०च्या दशकात हेन्रिएट अव्‍राम यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ हा नोंदीचा साचा घडवला. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचा रकाना असतो: शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये, डिजिटल प्रतीचा दुवा ८५६ मध्ये. साचा सगळ्यांचा एकच, म्हणून एका यंत्रातली नोंद दुसऱ्यात जाऊ शकते. १९६७ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था स्थापन केली आणि १९७१ पासून ग्रंथालये तारेवरून एकमेकांच्या नोंदी वापरू लागली. आजची वर्ल्डकॅट ही महातालिका त्यातूनच वाढली. एका ठिकाणी तालिकाकाराने पुस्तक उघडून नोंद केली की बाकीची ग्रंथालये ती उतरवून घेतात.

याचा फायदा सांगायला नको. तोटा मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते. क्षयावरचे एक जुने पुस्तक आले होते, नावात ‘कन्झम्प्शन’. जाळ्यावर तयार नोंद होती. कामाचा ढीग होता, मी पुस्तक न उघडताच ती घेतली. तिच्यात विषय होता अर्थशास्त्राचा. पुस्तक कित्येक महिने चुकीच्या कपाटात उभे होते आणि ज्यांना ते हवे होते त्यांना ते नव्हतेच. एका वाचकाने दाखवून दिले तेव्हा मी पाहिले, तीच नोंद इतर अनेक ग्रंथालयांनीही तशीच घेतली होती. आमची नोंद त्याच दिवशी दुरुस्त झाली. बाकीच्यांना एकेक करून कळवायला बराच काळ गेला.

म्हणून एक सवय लावून घ्या. आवडीचे पुस्तक सापडले की त्याची नोंद दोन-तीन वेगळ्या ग्रंथालयांच्या तालिकांत पाहा. एकाने दोन विषयशीर्षके दिली असतील, दुसऱ्याने पाच. जुन्या पुस्तकांना बहुधा एखादेच शीर्षक असते, आणि त्याचे कारण अगदी लाकडी खणांत आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील कार्डे विकू लागली. प्रत्येक वाढीव शीर्षकासाठी एक वाढीव कार्ड लागे, ते योग्य खणात योग्य जागी लावावे लागे. हात आखडता घेणे भाग होते. ओसीएलसीने शेवटची कार्डे २०१५ मध्ये छापली, पण त्या काटकसरीच्या नोंदी संगणकात तशाच उतरल्या आहेत. जुन्या पुस्तकांसाठी फक्त मुख्य शब्द घ्या, पुढच्या तुकड्यांच्या भरवशावर राहू नका.

शीर्षके बदलतातही. पहिल्या महायुद्धाची पुस्तके एके काळी ‘युरोपियन वॉर’ या शीर्षकाखाली होती, नंतर ती ‘वर्ल्ड वॉर, १९१४-१९१८’ झाली. परवानगीविना देशात राहणाऱ्यांसाठी वापरले जाणारे ‘इल्लीगल एलियन्स’ हे शीर्षक विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर २०२१ मध्ये बदलले. १८५७ च्या उठावाला या सूचीने दिलेले नाव ‘सिपॉय रिबेलियन’. आपल्याला तो शब्द बोचतो आणि बोचायलाच हवा, पण पुस्तके हवी असतील तर तो टाकावाच लागतो. शीर्षक देणारा कुठल्या तरी काळात आणि कुठल्या तरी बाजूला उभा असतो. संवेदनशील विषय असेल तर आजचा शब्द, कालचा शब्द आणि ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांचा स्वतःचा शब्द, असे तिन्ही टाकून पाहा.

देवनागरीची पुस्तके शोधताना

मराठी पुस्तक जगातल्या मोठ्या तालिकांत शोधाल तेव्हा नोंद बहुधा रोमन लिपीत असेल, आणि ती आपण मोबाइलवर लिहितो तशा रोमनमध्ये नसेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरात ‘च’ला फक्त ‘सी’ लिहितात आणि ‘सी-एच’ म्हणजे ‘छ’. ‘चरित्र’ शोधताना ‘सी-एच’ने सुरुवात केलीत की हाती काही येत नाही. ‘सी’ने करा, येईल. दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहू नका. तिथे डोक्यावर रेघ असलेले एकच अक्षर असते आणि शोधताना ती रेघ बहुतेक यंत्रे सोडून देतात.

देवनागरीतच टाइप करत असाल तर वेगळी काळजी घ्या. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ यंत्राला दोन शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’मधला ‘र्‍य’ टाइप करायच्या दोन रीती आहेत, डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या, आतून वेगळ्या. ‘ॲ’चेही तसेच. अशी अक्षरे असलेला शब्द टाळून पुस्तकाच्या नावातला दुसरा साधा शब्द निवडा. लेखकाच्या नावासाठी ‘व्हायाफ’ ही सामायिक नामसूची उघडा. रवींद्रनाथ ठाकूर रोमनमध्ये ‘टागोर’ होतात, हे आपल्याला माहीत असते, पण कमी प्रसिद्ध लेखकांच्या नावांची कोणती रूपे कुठे वापरली आहेत ते तिथे एकत्र दिसते.

डिजिटल प्रत

नोंद सापडली, आता वाचायचे कसे? आधी त्याच नोंदीत दुवा आहे का पाहा. नसला तरी थांबू नका. पुष्कळ तालिकांत छापील प्रतीची नोंद वेगळी आणि डिजिटल प्रतीची वेगळी असते, आणि दोघींची गाठ घातलेली नसते. पुस्तकाच्या त्याच नावाने पुन्हा शोधा आणि स्वरूपाच्या रकान्यात ‘ऑनलाइन’ निवडा. विक्रेत्यांकडून गठ्ठ्याने आलेल्या ई-पुस्तकांच्या नोंदींत विषयशीर्षके बऱ्याचदा त्रोटक असतात. त्यांच्यासाठी पुस्तकाच्या नावातल्या शब्दांनीही शोधावे.

मग हाथीट्रस्ट. २००८ साली विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून उभारलेला हा डिजिटल साठा. हक्क संपलेली पुस्तके त्यात पूर्ण वाचता येतात. जी वाचता येत नाहीत त्यांच्यातही शब्द शोधता येतो, आणि तो कोणत्या पानांवर किती वेळा आला आहे ते कळते. हाच तो पूर्ण मजकुरातला शोध. शहराच्या इतिहासातले ते क्षयाचे प्रकरण इथे सापडेल. पानांचे आकडे लिहून घ्या आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवण्याच्या अर्जात तेवढीच पाने मागा. अख्ख्या जाड ग्रंथापेक्षा वीस पानांची मागणी पुरी होणे पुष्कळ सोपे असते. पूर्ण मजकुरात शोधताना मात्र त्या काळचा शब्द वापरा. १९१७ च्या पुस्तकात ‘पहिले महायुद्ध’ असणार नाही, आणि १८५० च्या वैद्यकीय ग्रंथात ‘थायसिस’ असेल. विषयशीर्षकासाठी सूचीचा शब्द आणि मजकुरासाठी लेखकाचा शब्द, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले.

कपाटाजवळ जाता येत असेल तर जा. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात क्षय ६१६.९९५ वर असतो, पण ते वैद्यकाचे कपाट. रुग्णांची काळजी, आरोग्यधामे, सामाजिक बाजू ३६२.१ च्या आसपास सापडते, कदाचित दुसऱ्याच मजल्यावर. पुस्तक एका जागी उभे असते, विषयशीर्षके त्याला अनेक जागी नेऊन ठेवतात. म्हणून नुसते कपाट पाहून शोध संपला असे समजू नका.

ग्रंथपालाकडे जाल तेव्हा वही घेऊन जा. कोणती विषयशीर्षके, कोणत्या तालिकेत, कोणत्या तारखेला पाहिली, एवढे लिहिलेले असले की आम्हाला पुढची दिशा लगेच सांगता येते. सापडलेल्या पुस्तकाचा ओसीएलसी क्रमांकही टिपा. पुस्तकांच्या नावांची स्पेलिंगे आणि आवृत्त्या घोळ घालतात, तो क्रमांक मात्र नेमक्या त्याच नोंदीवर नेतो.

आणि नोंदीत चूक दिसली तर कृपा करून कळवा. अनेक तालिकांत नोंदीखाली त्यासाठी दुवा असतो, नाहीतर साधी ईमेल पुरते. नोंदीचा क्रमांक, आत्ताचे विषयशीर्षक, तुमच्या मते कोणते हवे, आणि पुस्तकातल्या कोणत्या पानावरून तसे म्हणता, इतकेच लिहा. मी टेबलावर होते तोवर अशी चिठ्ठी आली की हातातले काम बाजूला ठेवून आधी ते पुस्तक कपाटातून मागवून घेत असे.